शेपटीला हळद

"गावडे, बॉक्स कोणी उघडला नाही ना?"

"छे छे, मॅडम! सील जसंच्या तसं आहे."

रामनगरच्या एसटीडी बूथमध्ये उभा राहून मी हे उत्तर दिलं, तेव्हा माझ्या समजुतीनं ते शंभर टक्के खरं होतं. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा माझ्यावर विश्वास राहणार नाही. बूथपासून माझ्या अक्काचं घर दोनशे पावलांवर. मी ती दोनशे पावलं चालून गेलो आणि कळलं, उत्तर खोटं होतं.

मी धारवाडच्या एका संशोधन संस्थेत ॲनिमल हाऊसचा टेक्निशियन होतो. ॲनिमल हाऊस म्हणजे प्रयोगासाठी उंदीर-ससे पाळायची जागा. तिथल्या उंदरांना ठरल्या वेळी उजेड, ठरल्या वेळी अंधार, उकळून गार केलेलं पाणी. माझ्या लग्नात सासऱ्यानं माझी एवढी बडदास्त ठेवली नव्हती. नोकरीभर मी शेपटी धरून उचललेले उंदीर ओळीनं उभे केले, तर रांग धारवाडहून कारवारला पोचेल आणि शेवटचे दोन-चार समुद्रात पडतील.

पण ही गोष्ट दहाच उंदरांची आहे. खरं म्हणजे उंदरिणींची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमच्या नाडगौडा मॅडम मेंदूवर काम करायच्या. त्यांनी दीड वर्ष पत्रं लिहून, परवाने गोळा करून एका परदेशी लॅबकडून हे दहा उंदीर मिळवले होते. ते मुंबईला उतरले, तिथून विमानानं गोव्याला आले. गोव्याहून जीपनं धारवाडला आणायचं काम माझ्याकडं. कारण काय, तर "गावडे, तुमचं गाव त्याच रस्त्यावर आहे." मॅडमना वाटलं हा फायदा आहे.

आता हे उंदीर एवढे लाडके का, ते सांगतो. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीला बारीक बारीक दारं असतात. काही दारांतून फक्त कॅल्शियम आत जातं. त्यांना म्हणतात कॅल्शियम चॅनल. सुपा धरणाचं दार उचललं की काळी नदीला निरोप पोचतो, तसं मेंदूतल्या पेशीचं हे दार उघडलं, कॅल्शियम आत शिरलं, की ती पुढच्या पेशीला निरोप देते. अशी दारं पाच-सात तऱ्हेची. कुठलं दार कशासाठी, हे कसं कळणार? तर ते दारच काढून टाकायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. घरातली बाई चार दिवस माहेरी गेली की कळतं ना ती काय काय करत होती, तसंच. दाराचा नकाशा जीनमध्ये असतो. तो जीन मोडून टाकलेला उंदीर म्हणजे नॉकआऊट उंदीर.

प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. आमच्या जातीत दोन्ही प्रती मोडलेल्या असल्या, की पिल्लू दहा-बारा दिवसांचं होतंय तोवर लटपटायला लागतं आणि महिन्याभरात मरतं. एकच प्रत मोडलेली असली तर उंदीर धडधाकट. त्याला कॅरियर म्हणतात. लटपटणारं पिल्लू धाडता येत नाही, म्हणून कॅरियर धाडतात. पेटीत दहाही माद्या होत्या, नर, तेही कॅरियर, नंतरच्या खेपेला यायचे होते. मध्ये जाळी. जाळीच्या उजवीकडं सहा कॅरियर, डावीकडं चार पूर्ण नॉर्मल, तुलनेसाठी. सगळ्या एकमेकींच्या बहिणी. रंग तोच, वजन तेच, नाकं तीच. फरक फक्त झाकणावरच्या स्टिकरला माहीत. कानाला खूण का केली नव्हती, हे मला विचारू नका. मॅडमनी त्या लॅबला विचारलं होतं. उत्तर इतकं सभ्य आलं की त्यात उत्तरच नव्हतं.

तर अनमोड घाट चढून आम्ही रामनगरला आलो. पाऊस असा की जीप चालवतोय की होडी, हे आमच्या रुद्रप्पा ड्रायव्हरला अधूनमधून खाली बघून ठरवावं लागायचं. लोंढ्याच्या रस्त्यावर पाणी आलेलं. म्हणून गणेशगुडीवरून दांडेली गाठायचं ठरवलं, आणि तेवढ्यात क्लच प्लेट गेली. गणेशगुडी पुढं राहिली, गणपतीचं वाहन पेटीत, आणि आमचं वाहन बंद!

बाबू मिस्त्रीचं गॅरेज समोरच होतं. बाबू मिस्त्री खुर्चीत, पाय स्टुलावर.

"बाबू, क्लच प्लेट गेली. लगेच बघ."

"उद्या."

"अरे तुझ्याकडं प्लेट हाय की! ती काय, मागं टांगलीय."

"प्लेट हाय. पाना धरायचा न्हाई आज. उंदरी हाय, इसरलास व्हय? धारवाडात जाऊन पार बाटलास की रं."

विसरलोच होतो. बेळगाव-खानापूरकडून आलेल्या आम्हा लोकांत गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी उंदरी असते. गणपतीचा उंदीर बिचारा आदल्या दिवशी मोदक बघत बसलेला असतो, म्हणून दुसरा दिवस त्याचा. त्याला मटणाचा नैवेद्य. गणपतीला दिसू नये म्हणून मध्ये पडदा. आणि आमच्या गावात त्या दिवशी कुणी सुई, कोयता, हत्यार धरत नाही. धरलं तर वर्षभर उंदीर सूड घेतात.

"अरे, तो नियम शेतकऱ्यांचा! तुझ्या भाताला कशाला उंदीर लागतील?"

"भाताला न्हाई, वायरिंगला," बाबू शांतपणे म्हणाला. "मागल्या साली एक नट आवळला फकस्त. वर्सभर गिऱ्हाईकांच्या वायरी कुरतडून ठेवल्या."

मी त्याला उंदरांचीच शपथ घातली. पेटीतले उंदीर अडकलेत, हे उंदरांचंच काम आहे, असा मुद्दा मांडला. धारवाडच्या कोर्टात मांडला असता तर केस जिंकलो असतो. बाबू म्हणाला, "मंग त्यांनाबी म्हनावं, आज सुट्टी घ्या."

रुद्रप्पाला जीपपाशी बसवून मी पेटी डोक्यावर घेतली आणि अक्काकडं गेलो.

अक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. लहानपणी मला कडेवर घेऊन हिंडली, आणि त्याची भरपाई अजून चालू आहे. ती मसाला वाटत होती.

"पेटीत काय आणलास रं, शिवा?"

"उंदीर."

वरवंटा थांबला. "उंदरीला? खरंखुरं उंदीर? घरात?" असा आनंद तिच्या तोंडावर मी एसेस्सी पास झालो तेव्हाही बघितला नव्हता.

"विमानानं आल्यात," मी छाती फुगवून म्हणालो.

झाकणाला काचेची खिडकी होती. अक्कानं डोळा लावला. "विमानानं आल्यात म्हणतोस आणि ह्ये तर आमच्या कणगीतलंच दिसतंय की! आणायचं तर पांढरं तरी आणायचं."

"ह्या सगळ्या माद्या हायत. डाव्या हाताच्या चार धडधाकट. उजव्या हाताच्या सहाजणींत खोट हाय."

"कसली खोट? चांगल्या पळाय लागल्यात."

"त्यांना काय होत न्हाई. त्यांच्या पोरांना लटपट सुटती. धड चालाय येत न्हाई. मरतात."

"आगं बाई. आणि तुम्ही औषध काय देताय?"

"औषध न्हाई देत, अक्का. लटपटावीत म्हणून तर आणल्यात."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी मी सरड्याच्या गळ्यात दोरी बांधली होती, तेव्हा अशीच बघत राहिली होती. मग वरवंटा परत चालू केला.

मी तिला तीन वेळा बजावलं. पेटीला हात लावू नको. झाकण उघडू नको. बाहेरचं काही खायला घालू नको. आजाराची एक जरी खूण दिसली तर पेटीतले सगळे मारून टाकायचा नियम आहे, आणि मॅडमचं दीड वर्ष पाण्यात. ती "व्हय, व्हय" म्हणाली. मी बूथवर गेलो. लाइन लागायला तासभर गेला. मॅडमशी जे बोलणं झालं ते वर आलंच आहे.

परत आलो तर पाऊस थांबलेला आणि परसात पेटी पालथी. अक्का नारळाच्या शेंडीनं, राख लावून, ती घासून पुसून विसळून वाळत घालत होती. मधली जाळी तुळशीला टेकवलेली. आणि दीड वर्षाची तपश्चर्या पाणी तापवायच्या हंड्यात. वर सूप झाकलेलं.

मी जो ओरडलो तो कॅसलरॉकच्या स्टेशनवर ऐकू गेला असणार. एखादी गाडी तरी नक्की थांबली असेल.

"ओरडतोस कशाला? केवढी घाण झालती आत! सणाच्या दिवशी असल्या घाणीत ठेवायच्या व्हय?"

"अक्का, जाळी! जाळी होती मध्ये!"

"बहिणी-बहिणींत भिंत कशाला? मोकळ्या बसू देत." असं म्हणत तिनं पेटीत ताजं भाताचं पिंजर, म्हणजे पेंढा, पसरलं, हंडा अलगद तिरका केला आणि दहाही जणी सुळकन पिंजरात गडप.

"आता कुठली कुठली ते कसं कळणार?"

"त्येच सांगाय लागलेय, शिवा. ऐक तरी..."

"तू गप! एक अक्षर बोलू नको! तुला काय कळतंय त्यातलं?"

अक्का गप झाली. पदरानं हात पुसले. "बरं. न्हाई सांगत," म्हणाली आणि आत गेली.

ही माझी त्या दिवसाची खरी चूक. तेव्हा मात्र मला सगळ्या जगात अक्काचीच चूक दिसत होती.

मी पिंजराबाहेर आलेली नाकं मोजली. दहा. पुन्हा मोजली. पुन्हा दहा. हात लावला नाही, कारण माझ्या हाताचे जंतू लागतील. अक्काच्या हंड्यात बसून आलेल्यांना माझ्या हातानं काय होणार होतं, पण नियम तो नियम. जाळी परत आत सारली, ती पिंजरामुळं अर्ध्यातच अडकली. झाकण लावलं. सील तुटलेलं होतं, ते तांदळाच्या पेजेनं चिकटवलं.

जेवताना अक्कानं मटण वाढलं, वडे वाढले. शब्द नाही. माझ्या घशाखाली घास उतरेना. तीनच वेळा वाढून घेतलं. उठलो, पेटीपाशी गेलो, परत आलो. पुन्हा उठलो. शेपटीच्या टोकाचा कण घेऊन डीएनए टेस्ट करता येते, तर ती करून टाकू, म्हणून मनाची समजूत घालायला गेलो आणि आठवलं, टेस्टला लागणारं प्रायमर नावाचं रसायन नरांच्या खेपेबरोबर येणार होतं. तोवर मॅडम कुणाला कॅरियर म्हणणार? चिठ्ठ्या टाकून?

सकाळी बाबू मिस्त्रीनं पाना धरला आणि तीन तासांत जीप चालू केली. निघताना अक्का दारात आली, पण माझ्याकडं न बघता पेटीकडं बघून म्हणाली, "सुखानं जावा गं बायांनो."

धारवाडपर्यंत मी तीन थापा तयार केल्या. पहिलीत घाटात जीप उडाली. दुसरीत कस्टमवाल्यांनी पेटी उघडली. तिसरीत हत्ती होता. हत्तीची चांगली जमली होती, पण रुद्रप्पाला साक्ष द्यावी लागली असती आणि तो देवभोळा माणूस.

क्वारंटाइन म्हणजे बाहेरून आलेले प्राणी काही दिवस वेगळे ठेवायची खोली. तिथं मॅडम आणि संस्थेचे व्हेट, म्हणजे जनावरांचे डॉक्टर, मास्क लावून उभे होते. मॅडमनी झाकण उचललं.

"गावडे, हे भाताचं पिंजर आहे का?"

"परदेशात हल्ली तेच वापरतात, मॅडम."

"आणि पार्टिशन?"

"घाटात निसटलं. फार धक्के बसले."

मॅडमनी चिमट्यानं पिंजर बाजूला केलं. पहिल्या मादीची शेपटी पिवळी. दुसरीची पिवळी. तिसरीची गुलाबी. चौथीची पिवळीधमक.

"जॉन्डिस," व्हेट म्हणाले. "कावीळ. लिव्हरचं इन्फेक्शन असणार. मॅडम, सॉरी. एकही ठेवता येणार नाही. शेजारच्या खोलीत आपले चारशे उंदीर आहेत."

ते कपाटाकडं वळले आणि मोठी काचेची बरणी काढली. त्या बरणीत एकदा उंदीर गेला की परत येत नाही. मॅडमनी चष्मा काढला. एवढंच म्हणाल्या, "दीड वर्ष, गावडे."

मला काय सुचावं? मी मोजायला लागलो. सवयच ती. पिवळ्या किती? सहा. गुलाबी? चार. पुन्हा मोजल्या. सहा आणि चार.

आमच्याकडं पांढऱ्या उंदरांवर खूण करायची तर पिक्रिक ॲसिड लावतात. डाग पिवळा पडतो. मी स्वतः हजारदा लावलाय. माझ्या कानात अक्काचा आवाज आला. 'त्येच सांगाय लागलेय, शिवा.'

आता बोललो तर पेटी उघडली हे कबूल करावं लागणार. नोकरीला पंधरा वर्षं झालेली. नाही बोललो तर दहाजणी बरणीत. व्हेटनी बरणीचं झाकण फिरवलं. त्याचा किरकिर आवाज मला अजून ऐकू येतो.

"थांबा!" मी म्हणालो आणि खिशातून चुन्याची डबी काढली.

ॲनिमल हाऊसमध्ये तंबाखूला सक्त मनाई होती. तशी पाटी दारावर होती. पाटी माझ्याच अक्षरातली.

"गावडे, हे काय आहे?"

"कॅल्शियम, मॅडम."

मी एका मादीला उचललं, कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेतलं आणि शेपटी पुसली. बोळा पिवळा झाला. मादी खाली ठेवली. बोळ्यावर चुन्याचं बोट लावलं. पिवळा बोळा बघता बघता लालभडक झाला.

"कावीळ पुसून निघत नाही," मी म्हणालो. "आणि चुन्यानं लाल तर मुळीच होत नाही. ही हळद आहे."

व्हेटनी मास्क खाली करून बोळ्याचा वास घेतला. "खोबरेल तेलात कालवलेली," ते म्हणाले. माणूस मंगळूरचा होता.

मॅडमनी चष्मा परत लावला. "माझ्या नॉकआऊट लाइनला हळद कोणी लावली?"

"अक्कानं."

"कोण अक्का?"

"माझी."

मग सगळं सांगितलं. हंडा, सूप, राख, पेज. हत्तीसुद्धा सांगितला, म्हणजे तो नव्हता हेही. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, "सहाच का?"

"ते तिलाच विचारावं लागेल. मी विचारलं नाही."

रामनगरच्या किराणा दुकानात फोन लावला. दुकानदारानं अक्काला बोलावून आणलं.

"आता ऐकाय सवड झाली व्हय तुला?"

मी निमूटपणे फोन मॅडमच्या हातात दिला आणि कान जवळ नेला.

"अक्का, मी शिवाजींची मॅडम. हळद नक्की कुणाकुणाला लावलीत?"

"बाई, दहा बायका सणाला घरात आल्या. हळदीकुंकवाबिगर कशा पाठवू? उद्या त्या म्हणतील, रामनगरात कुणी इचारलं न्हाई. चार धडधाकट हायत म्हणाला शिवा. त्यांना कपाळाला कुंकवाचं बोट फकस्त, ते केसांत मुरलंबी असंल. उजव्या हाताच्या सहाजणींच्या पोरांचं तसलं हाय म्हणाला. मंग त्यांना नुसतं बोट कसं पुरंल? शेपटीभर हळद लिपली. एकेक काढली, लावली, हंड्यात सोडली. चावलीबी न्हाई एक."

"मोजण्यात चूक नाही ना झाली?"

"माझ्या दहा शेळ्या काळ्या हायत. अंधारात धार काढते. तुमच्या शिवाला इचारा, एकदा तरी चुकलेय का?"

मॅडमनी फोन ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "कानाला पंच मारा. पिवळ्या शेपट्यांना डावा कान. आत्ता. या अंग चाटून आंघोळ करायच्या आधी."

क्वारंटाइन दुप्पट वाढलं. मला मेमो मिळाला. त्यात दोन गुन्हे होते, पेटी आणि तंबाखू. दुसरा जास्त सविस्तर होता. नर आले, प्रायमर आलं, टेस्ट झाली. डाव्या कानाच्या सहाच्या सहा कॅरियर. बाकीच्या चार नॉर्मल. पिंजऱ्याच्या कार्डावर 'ओळख कोणी पटवली' असा रकाना असतो. मॅडमनी त्यात स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'अक्का, रामनगर.'

पुढं पिल्लं झाली. बाराव्या दिवशी मॅडम पिंजऱ्यापुढं गुडघ्यावर बसल्या. साधारण चारांतलं एक पिल्लू चार पावलं टाकायचं आणि कलंडायचं. उठायचं, पुन्हा कलंडायचं. म्हणजे ते दार तोल सांभाळायच्या कामाचं होतं. मॅडमनी अख्ख्या संस्थेत पेढे वाटले.

शिमग्याला मी रामनगरला गेलो. थोडे पेढे अक्कालाही नेले. तिनं एक हातात घेतला, खाल्ला नाही.

"पोरं झाली त्यांना?"

"झाली की. पुष्कळ."

"आणि लटपटली?"

"चारांतलं एक. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं! त्याचेच पेढे."

अक्कानं पेढा परत पुडक्यात ठेवला. "म्हंजे हळद कमी पडली," ती म्हणाली. "तू लवकर परत आलास. दोघींना पातळच लागली असंल."

मी तोंड उघडलं. जीन, दोन प्रती, आई-बाप, सगळं ओठावर आलं होतं. मग हंडा आठवला आणि तोंड मिटलं. म्हटलं, सांग. आणि ती सांगत होती ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. हळद किती, तेल किती, शेपटीच्या कुठल्या बाजूनं सुरुवात करायची.

पेटी कुणी उघडली यावर ओरडण्याआधी उघडणारीनं काय केलं ते विचारावं, एवढंच मी या धंद्यात शिकलो. मेमोनंतर तंबाखू सोडली. चुन्याची डबी मात्र निवृत्तीच्या दिवसापर्यंत खिशात होती.